मंडळीचे दार आणि नवा माणूस

आजच्या विषयाचे नाव ऐकताच धर्मांतर चांगले की वाईट असा वाद पुष्कळांच्या मनात उभा राहील. तो वाद फार जुना आहे आणि त्याचे वकील दोन्ही बाजूंना पुष्कळ आहेत. आम्ही आज त्या कज्जात शिरणार नाही. आमचा प्रश्न त्याहून लहान आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने तो अधिक उद्बोधक आहे, असे आम्हांस वाटते. ज्या माणसाने ख्रिस्तमंदिराची पायरी कधी पाहिली नाही, आत गेल्यावर केव्हा उठावे, केव्हा बसावे, काय म्हणावे, हे ज्याला ठाऊक नाही, असा माणूस दाराशी आला असता महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळीने त्याचे काय केले? त्याच्यासाठी तिने स्वतःत काही बदल केला काय? आणि केला, तर कोठपर्यंत? 

हा प्रश्न मूठभरांचा नव्हे. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहून किंचित कमी भरली. त्यातही मुंबई, वसई, पुणे, नगर ही ठिकाणे वगळली तर उरलेल्या मुलखात ख्रिस्तमंदिर आतून पाहिलेला माणूस शोधावाच लागेल. मुकुटबनचेच पाहा. पैनगंगेच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषा कानी पडतात. माजरीहून आदिलाबादेकडे जाणारी आगगाडी येथून जाते, भोवताली चुनखडी आहे, सिमेंटचा कारखाना उभा राहिला आहे, आणि त्यापाठोपाठ दूरदूरची माणसे पोटासाठी येथे आली आहेत. अशा गावी उद्या कोणी लहानसे प्रार्थनामंदिर काढावयाचे मनात आणले, तर त्याच्या दाराशी येणारा बहुतेक प्रत्येक जण नवखाच असणार. त्याने काय करावे, हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु त्याच्यापूर्वी चारशे वर्षे ह्या भाषेत जे प्रयत्न झाले, त्यांचा जमाखर्च मांडणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि तेवढेच आम्ही करणार आहो.

आरंभी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. मराठी ख्रिस्ती बोलीत चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. ‘नगरची मंडळी’, ‘मंडळीचा पाळक’ असे शब्दप्रयोग प्रॉटेस्टंट घरांतून रोजचे आहेत. इमारतीला देवालय, मंदिर, किंवा गोव्याकडे इगर्ज; पण खरी वस्तू म्हणजे मंडळी, जमलेली माणसे. हा शब्द ज्याने रूढ केला त्याने फार शहाणपण केले. ‘या मंडळी, बसा’ असे आपण ओटीवरून कोणालाही म्हणतो. पण ह्याच शब्दाला दुसरे अंगही आहे. मंडळी म्हटली की आपली आणि परकी असा भेद आलाच. ‘आमच्या मंडळी’ म्हणजे इतरांच्या नव्हेत. बोलावणारा शब्द तोच आणि कुंपण घालणाराही तोच. आम्ही जो इतिहास सांगणार आहो, तो ह्या एका शब्दाच्या दोन अर्थांमधील ओढाताणीचा इतिहास आहे.

त्यातले पहिले मोठे नाव फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे. हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे, बहुतेक काळ साष्टी प्रांतात, राहून १६१९ मध्ये तेथेच वारला. ज्या साष्टीत तो राहिला, तेथली हवा स्वागताची नव्हती. पोर्तुगीज सत्तेने तेथली देवळे पाडली होती, आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले होते. त्यानंतर गावकऱ्यांच्या म्होरक्यांची जी गत झाली, ती गोव्याचे लोक अद्याप विसरलेले नाहीत. अशा धाकाच्या छायेत जे ख्रिस्ती झाले, त्यांच्यापुढे पांढरीशुभ्र, उंच मनोऱ्यांची इगर्ज उभी होती. पण आतला विधी लॅटिनमध्ये होता. जुनी पोथी गेली होती आणि नवी मिळाली नव्हती.

स्टीफन्सने हे दुःख ओळखले. त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक नवा ख्रिस्ती आपल्या पाद्रीगुरूला विनवितो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास दुसरे पुराण का देत नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सुमारे ११ हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे छापून निघाला. लिपी रोमी, पण भाषा मराठी, आणि वृत्त आपली ओवी. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, मुक्ती आहे, परमेश्वर आहे. उपासनेनंतर इगर्जीत त्याचे वाचन होऊ लागले आणि लोक कथापुराणाला बसावे तसे ऐकू लागले. नवख्या माणसाला परिचित असे एखादे आसन दिले म्हणजे तो अपरिचित गोष्ट ऐकून घेतो, हे तत्त्व ह्या मुलखात पहिल्याने स्टीफन्सने वापरले.

मात्र जमेबरोबर खर्चही लिहिला पाहिजे. स्टीफन्सने भाषेचे दार उघडले. पण त्या घरात माणूस आपल्या खुशीने आला होता की नाही, हा प्रश्न त्याच्या ओव्यांनी सुटत नव्हता. पुढे तर भाषेचे दारही लोटले गेले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी बोली टाकून पोर्तुगीज धरावी असा हुकूम काढला. स्टीफन्सच्या हयातीतील आणि त्यानंतरच्या अशा सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे तो ग्रंथ पुन्हा छापावा लागला. स्वागत हे सत्तेच्या मर्जीवर अवलंबून असले, तर मर्जी फिरताच ते संपते.

दुसरा प्रयत्न अमेरिकनांचा. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मुंबईस आले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत धाडण्याचाही घाट घातला गेला. त्यांच्या हाती ना फौज होती ना फर्मान. ह्या एका गोष्टीमुळे त्यांचा प्रसंग स्टीफन्सच्या अगदी उलट ठरतो. ते रस्त्यावर, देवळांपाशी, झाडाखाली उभे राहून मोडक्या मराठीत बोलत, शाळा काढीत, पुस्तके छापीत. १८२३ मध्ये त्यांनी भेंडी बाजारात एक प्रार्थनामंदिर बांधले. त्यात ऐकावयास येणारे पुष्कळ. पण मंडळीत येणारे वर्षानुवर्षे बोटांवर मोजण्याइतकेच. १८२६ मध्ये हॉल गावोगाव हिंडत असता पटकीने वारला.

१८३१ मध्ये हे मिशन अहमदनगरास गेले, आणि मराठी ख्रिस्ती मंडळीचा खरा संसार तेथे मांडला गेला. तेथून १८४२ मध्ये हेन्री बॅलंटाईन ह्यांच्या संपादकत्वाखाली ‘ज्ञानोदय’ निघाला. तेथेच संगीताचा प्रश्न उभा राहिला, आणि तो वाटतो तितका लहान नव्हता. आरंभीची गीते मराठी शब्दांची पण विलायती चालींची होती. खेड्यातल्या माणसाच्या गळ्यात ती चाल बसेना. शिवाय गीतांचे पुस्तक हाती धरून गाणे म्हणजे अक्षरओळख आलीच. ज्याला वाचता येत नाही तो उपासनेत मुका बसे. म्हणजे दार उघडे, पण आत आलेल्याच्या तोंडाला कुलूप! 

हे कुलूप उघडले ते कीर्तनाने. १८६० च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा आश्रय केला. कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांचे नाव त्यात अग्रभागी आहे. वीणा, टाळ, मृदंग तेच. पूर्वरंग आणि उत्तररंग तेच. आख्यान मात्र ख्रिस्तचरित्रातले. ह्या युक्तीचे मर्म केवळ वाद्यांत नाही. कीर्तन ज्या रीतीने ऐकले जाते, त्या रीतीत ते आहे. कीर्तन चावडीपुढे होते, ओट्यावर होते. श्रोता मागे उभा राहू शकतो, मधूनच येऊन मधूनच उठू शकतो. त्याला कोणी नाव विचारीत नाही. धृपद दोनदा ऐकले की तिसऱ्यांदा त्याच्याही तोंडी येते. अक्षर लागत नाही. बाकांच्या रांगा असलेल्या खोलीत उशिरा आलेल्या माणसाकडे सगळ्या माना वळतात. कीर्तनाला उशिरा येणे हा काही गुन्हा नव्हे. नवख्याला स्वतःच्या पायांनी येता यावे आणि स्वतःच्या पायांनी परत जाता यावे, ही स्वागताची पहिली अट आहे, आणि आमच्या लोकांनी ती कीर्तनपरंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध करून ठेवली होती. अमेरिकनांना ती शोधावी लागली, हे खरे. पण शोधली, हे त्यांच्या श्रेयाचे आहे.

आता सर्वांत अवघड जागेकडे येऊ. ती म्हणजे जात. नगर जिल्ह्यात मंडळीत आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक ह्यांसारखे ब्राह्मण आले, पण ते थोडे. प्रभुभोजनाचा पेला एक, पंगत एक. दक्षिणेत तमिळ मुलखातील कित्येक मंडळ्यांत जातवार बसण्याची चाल होती. ती मोडावी म्हणून कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन ह्यांनी १८३३ मध्ये आज्ञापत्र काढले, आणि त्यावरून तेथे पुष्कळ लोक मंडळी सोडून गेले. नगरच्या मिशनने जात सोडल्याशिवाय प्रवेश नाही हाच नियम धरला. 

ह्यात जो पेच आहे तो आम्ही स्पष्ट मांडतो, कारण आजही त्यातून कोणाची सुटका नाही. नव्या माणसाला अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून त्याच्या सगळ्या समजुती जशाच्या तशा राहू द्याव्या, तर शेजारी बसलेल्या दलित बांधवाचा अपमान होतो. त्या बांधवाचा मान राखावा, तर सवर्ण पाहुणा दारातूनच परततो. एकाचे स्वागत हा दुसऱ्याचा तिरस्कार होतो. अशा वेळी कोणाला दुखवावयाचे हे ठरवावेच लागते, आणि दोघांनाही सुखविण्याचा जो आव आणतो तो बहुधा दुबळ्यालाच दुखवीत असतो. नगरकरांनी निवड योग्य केली, असे आमचे मत आहे; पण तिची किंमतही त्यांनी दिली. गावाच्या दृष्टीने मंडळी ही गावकुसाबाहेरची वस्तू ठरली. त्यातच मिशनचा पगार, मिशनची शाळा, मिशनचे घर अशी सांगड पडली आणि नव्या माणसाच्या येण्यामागे पोटाचा हिशोब आहे, असा संशय कायमचा चिकटला. 

ह्या सगळ्या जमाखर्चावर ज्याने स्वतःचे आयुष्य ओवाळून टाकून उत्तर शोधले, तो पुरुष म्हणजे नारायण वामन टिळक. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेला हा कवी आपल्या विदर्भालाही परका नव्हता. नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने तो राहिला होता, आणि नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्याच्या हाती नवा करार दिला, ही कथा प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्याचा बाप्तिस्मा झाला. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने टिळकांपेक्षाही लक्ष्मीबाईंची पुढली पाच वर्षे अधिक मोलाची आहेत.

नवऱ्याने धर्म सोडला आणि ह्या बाईवर आभाळ कोसळले. काही काळ त्या पंढरपुरास राहिल्या. पुढे नगरास आल्या, त्या आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवून. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना त्या घरातील हसू आणि आसू दोन्ही ठाऊक आहेत. जातिभेदाचा फोलपणा त्यांना कोणाच्या व्याख्यानाने पटला नाही. स्वतःच्या मनाशी वाद घालीत घालीत त्या तेथे पोहोचल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षे! ख्रिस्ती वस्तीच्या मध्यभागी, एका धर्मोपदेशकाच्या घरात, एक बाई ख्रिस्ती न होता राहिली, आणि राहू दिली गेली. टिळकांचा स्वभाव उतावळा होता हे सर्वश्रुत आहे. तरी ह्या बाबतीत काळ हाच गुरू, हे त्यांना मानावे लागले. नवख्या माणसाला किती अवधी द्यावा ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

टिळक १९०४ मध्ये दीक्षित पाळक झाले, ‘ज्ञानोदया’च्या मराठी अंगाचे संपादक झाले, त्यांनी अभंग आणि भजने लिहिली, ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघड सांगत. तरी त्यांचे समाधान होईना. मंडळी परदेशी पैशावर उभी आहे, तिचे तोंड पश्चिमेकडे आहे, आणि ख्रिस्ताविषयी प्रेम वाटणारे कितीतरी हिंदू सद्‌गृहस्थ ह्या मंडळीच्या दाराशी येऊन थबकतात, हे ते पाहत होते. त्यांना ख्रिस्त हवा होता. पण आपले घरदार, नातीगोती, देश ह्यांच्याशी फारकत नको होती. टिळकांनी विचारले की, थबकलेल्या ह्या माणसांचे काय?

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडली, संन्यास घेतला, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्याची मुख्य कल्पना अशी की, ख्रिस्ताचे शिष्य म्हणविणाऱ्या सर्वांचा हा बंधुसंघ असावा. त्यात बाप्तिस्मा घेतलेले असतील तसेच न घेतलेलेही असतील. परदेशी पैसा नको, पंथभेद नको, पूर्व आणि पश्चिम हा भेद नको. दरबार हा शब्द पाहा. दरबारात जाण्यासाठी आधी घराण्यात जन्मावे लागत नाही. गाऱ्हाणे असले की पुरे. मंडळी ह्या शब्दातले कुंपण टिळकांनी ह्या एका शब्दाने ओलांडून टाकले. 

टीकाही लगेच झाली, आणि ती केवळ द्वेषाने झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुन्या मंडळीचा आक्षेप विचार करण्याजोगा होता. बाप्तिस्म्यासाठी ज्यांनी घर गमावले, वाळीत पडण्याचे दुःख सोसले, त्यांनी विचारावे, आम्ही जे मोल दिले ते न देता हे आमच्याच पंगतीला? विशेषतः दलित ख्रिस्ती माणसाला बाप्तिस्मा म्हणजे केवळ विधी नव्हता. जुनी ओळख पुसून नवे नाव देणारी ती सनद होती. ‘तो नसला तरी चालेल’ हे सवर्णाच्या सोयीचे बोलणे त्याच्या कानी निराळेच वाजले असेल. तेव्हा टिळकांचा दरबार उदार होता ह्यात शंका नाही. पण त्याचे औदार्य कोणासाठी अधिक आणि कोणासाठी कमी होते, हेही विचारले पाहिजे.

ह्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याआधीच ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. दोन वर्षांचाही अवधी न मिळालेल्या प्रयोगाला यशस्वी वा अयशस्वी ठरविणे आम्ही अनुचित समजतो. एवढे मात्र म्हणता येईल की, तो एका व्यक्तीच्या तेजावर उभा होता. उत्सवाला पुरुष पुरतो, नित्यपूजेला व्यवस्था लागते. टिळकांची भजने मात्र दरबाराहून अधिक टिकली. मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत ती आजही म्हटली जातात. ‘ख्रिस्तायना’चे ११ अध्याय झाले होते, पुढले लक्ष्मीबाईंनी लिहून ग्रंथ पुरा केला आणि तो १९३८ मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाला.

टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिणारे जे. सी. विन्स्लो ह्यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. पुढे तो पुण्यास शिवाजीनगरात आश्रमरूपाने स्थिर झाला. खादी, शाकाहार, जमिनीवर बैठक, देशी आणि विलायती सभासदांत समता. पाहुण्याने यावे, राहावे, आपल्या रीतीने ध्यान करावे. ह्याच संघातून १९२७ मध्ये व्हेरिअर एल्विन हिंदुस्थानात आले, आणि १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यात करंजिया येथे गोंडांमध्ये जाऊन राहिले. नागपूरचे बिशप अलेक्स वुड, ज्यांनी पूर्वी आपल्या शेजारच्या चांद्यास पुष्कळ वर्षे काम केले होते, त्यांच्याशी एल्विन ह्यांचे पटले नाही. गोंडांना ख्रिस्ती करावयाचे नाही, हा एल्विन ह्यांचा निश्चय. मग चर्चचा धर्मगुरू म्हणून तेथे राहावयाचे कशाला, हा बिशपांचा प्रश्न. दोघेही प्रामाणिक होते. शेवटी एल्विन ह्यांनी चर्च सोडले. स्वागत करता करता यजमानच घर सोडून पाहुण्याच्या घरी राहावयास गेला, असे ह्या प्रकरणाचे वर्णन करता येईल.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. नागपुरास १८४५ मध्ये स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप आले. १८६३ मध्ये ते नदीत बुडून वारले, तेव्हा त्यांच्या कागदांत गोंडांची गीते आणि त्यांच्या चालीरीतींच्या नोंदी सापडल्या. त्या १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल ह्यांनी छापल्या. ज्याचे स्वागत करावयाचे त्याचे आधी ऐकावे, ही वृत्ती त्या कागदांत दिसते. आपला जिल्हा त्या वेळी ‘वणी’ ह्या नावाने ओळखला जाई; १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. अर्नेस्ट वॉर्ड आणि त्यांच्या पत्नी फीबी हे दांपत्य १८८१ मध्ये ह्या देशात आले आणि त्यांच्या कामातून फ्री मेथडिस्ट मिशन वाढले; यवतमाळ हे त्याचे ठाणे झाले. यवतमाळास १९३८ मध्ये मराठीतून बायबल शिकविणारी एक पाठशाळा निघाली. १९५३ मध्ये तिचे युनियन बिब्लिकल सेमिनरीत रूपांतर झाले आणि देशभरातून विद्यार्थी येऊ लागले. १९८३ मध्ये ती संस्था पुण्यास गेली. ह्या घटनेत एक सूचक गोष्ट आहे. गावासाठी मराठीत सुरू झालेली शाळा मोठी झाली, तिची भाषा इंग्रजी झाली, आणि शेवटी ती शहरात गेली. वाढ झाली खरी. पण पैनगंगेकाठच्या माणसापासून ती तितकीच दूर गेली. 

१९५४ मध्ये मध्यप्रदेश सरकारने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी ह्यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. यवतमाळ त्या वेळी मध्यप्रदेशातच होते. १९५६ च्या अहवालात परदेशी पैसा, शाळा-इस्पितळांतून होणारे आमिष ह्यांवर कठोर टीका होती. ख्रिस्ती नेत्यांनी ती एकांगी म्हणून नाकारली. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, घटनेच्या २५ व्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क दिलेला नाही. वाद अजूनही मिटलेला नाही. पण गंमत अशी की, अहवालाने ज्यावर बोट ठेवले त्याच परदेशी पैशावर चाळीस वर्षांपूर्वी टिळकांनी घरातूनच बोट ठेवले होते. पाहुण्याच्या ताटात वाढलेले अन्न हे आतिथ्य आहे की आमिष, हे वाढणाऱ्याच्या हेतूवर ठरते, आणि हेतू कोणाला दिसत नाही. हिशोब मात्र दिसतो. म्हणून हिशोब उघडा ठेवणे हाच त्यावरचा उपाय.

त्याच १९५६ सालच्या १४ ऑक्टोबरला नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर अनेक धर्मांची आमंत्रणे त्यांच्यापुढे आली होती. ख्रिस्ती समाजातही जात शिल्लक आहे, ह्याकडे त्यांची नजर होती. परंतु आमच्या विषयाला त्या घटनेतून एक वेगळाच प्रकाश मिळतो. विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत नंतर विहार उभे राहिले. वंदना पालीत, ती कोणालाच पाठ नव्हती. तरी कोणी अवघडला नाही. का? कारण सगळेच नवे होते, आणि विहार त्यांनी स्वतःच्या पैशा-दोन पैशांच्या वर्गणीने बांधला होता. म्हणजे भाषा परिचित असणे ही मोठी सोय आहे, पण घर स्वतःचे आहे ही भावना त्याहून मोठी आहे. स्टीफन्सने पहिली गोष्ट दिली होती, दुसरी त्याला देता आली नाही. 

ह्या इतिहासाचा उत्तरार्धही लक्षात घ्यावा. पंडिता रमाबाईंनी केडगावी मुक्तिसदनात बसून सगळे बायबल साध्या बोलीत उतरविले, खेड्यातल्या बाईला समजावे म्हणून; त्या १९२२ मध्ये वारल्या आणि तो अनुवाद १९२४ मध्ये तेथल्याच छापखान्यातून निघाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, कॅथलिक मिस्साही लॅटिन सोडून मराठीत बोलू लागला. स्टीफन्सने इगर्जीत जे उपासनेनंतर आणले होते, ते साडेतीनशे वर्षांनी उपासनेच्या आत आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा चर्चांनी एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च स्थापिले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मराठीच्या मोठ्या मंडळीने ख्रिस्ती माणसाचे स्वागत केले, असाही ह्याचा अर्थ आहे. दार दोन्ही बाजूंनी उघडावे लागते.

तेव्हा मुकुटबनसारख्या गावी जो कोणी असे नवे मंदिर काढील, त्याच्यासाठी चारशे वर्षांचा हा जमाखर्च काय सांगतो? भाषा त्या गावची असावी. आणि येथे ती एक नाही, हे विसरू नये. कोलामाच्या पोराला मराठीसुद्धा शाळेतच भेटते. गाणे असे असावे की पुस्तकाशिवाय गळ्यात बसेल. नवख्याला मागच्या बाजूस उभे राहण्याची मोकळीक असावी, आणि नाव न सांगता निघून जाण्याचीही. त्याला जितकी वर्षे लागतील तितकी लागू द्यावीत. पैशाचा हिशोब दारावर टांगलेला असावा. आणि ज्याच्यामुळे पाहुणा बिचकेल म्हणून एखाद्याला मागे बसवावेसे वाटेल, त्यालाच प्रथम पुढे बसवावे. 

ही सूत्रे ख्रिस्ती मंदिरालाच लागू आहेत असे नाही. ग्रंथालय असो, वारकऱ्यांचा फड असो, विहार असो, किंवा वसंत ऋतूत भरणारी ही व्याख्यानमाला असो, जेथे जेथे चार माणसे जमून स्वतःला मंडळी म्हणवितात, तेथे तेथे हा प्रश्न उभा आहे. टिळकांचा दरबार दोन वर्षांत मोडला. पण त्यांनी विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनीही मोडलेला नाही. दाराशी थबकलेल्या माणसाचे काय? ज्या मंडळीला हा प्रश्न पडत नाही, तिच्या दाराला कुलूप नसले तरी ते बंदच समजावे.